हात मांडीखाली

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी
मी पुन्हा शिकाऊ झाले.
गळ्यात प्लास्टिकचं ओळखपत्र, फोटोत डोळे मिटलेले,
आणि माझ्या लेकीहून लहान पोरं विचारतात,
'तुम्ही कुठल्या वर्षाला?'
पंचविसाव्या, मी म्हणते.
ती हसत नाहीत.

माझं गाव वर, लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर.
दोनशे ऐंशी माणसं, दवाखान्याच्या दोन खोल्या.
कान फुटणं, रक्तदाब, गळ रुतलेलं बोट
हे मी झोपेतही करते.
बाळंतपण मात्र आमच्याकडे विमानाने जातं.
छत्तिसावा आठवडा लागला की
बाई बॅग भरते, थोरल्याला शेजारणीकडे देते
आणि शहरातल्या भाड्याच्या खोलीत
एकटी दिवस मोजते.
बाप पहिलं रडणं फोनवर ऐकतो.
याचीही सवय झाली होती आम्हाला,
थंडीची होते तशी.

मग ती मार्चमधली रात्र.
डल्सी रम्बोल्ट. तिकीट काढलेलं, बॅग दाराशी,
आणि चार दिवस धुकं,
धावपट्टीचे दिवेसुद्धा गिळलेले.
डोकं आलं
आणि थांबलं.
मी काय केलं ते मला अजून सलग सांगता येत नाही.
ओढलं. एवढं आठवतं.

मूल जगलं.
त्याचा डावा हात बाहीत नुसता असतो.

गावात कुणी मला शब्दाने बोललं नाही.
उन्हाळ्यात डल्सीने बेकॲपलच्या मुरंब्याची बरणी आणून दिली.
ती फळीवर आहे. झाकण तसंच.

म्हणून हे चार महिने, सेंट जॉन्सला.
म्हणून ही रबराची बाई, जिला पायच नाहीत,
आणि तिच्या पोटात हात घालून बसलेली मी,
आणि स्टॉपवॉच घेऊन उभी बर्निस क्विल,
एकतीस वर्षांची सुईण, गुडघे गेलेली, आवाज शाबूत.
'खांदा अडला! तीस सेकंद!
ओढू नकोस. ओढणं हे भीतीचं काम.
खालचा हात शोध. तो तिथेच आहे.
साठ!'
मी शोधते. कोपर सापडतं.
रबराचं मूल बाहेर येतं, न रडता,
आणि मी रडते. ती पोरं छताकडे बघतात.
बर्निस म्हणते, 'परत.'

परत. परत. एकशे चौदा वेळा मी मोजलं, मग सोडून दिलं.
पुढे खऱ्या बायका, खऱ्या कळा,
पोटावर बोटं टेकून पाठ कुठे, टाचा कुठे हे वाचणं.
माझे वडील धुक्यात
पाण्याच्या आवाजावरून खडक ओळखायचे.
ते शिकवा म्हटलं तर म्हणायचे, गप्प बस, तेच शिकणं.

शेवटच्या दिवशी बर्निसला विचारलं, अजून काय राहिलं?
'सगळ्यात अवघड,' ती म्हणाली.
'काही अडलेलं नसेल तेव्हा
हात मांडीखाली घालून बसायचं.'

ऑक्टोबरात थर्झा मेशर.
आकाश इतकं निरभ्र, दहा विमानं उतरली असती.
ती म्हणाली, 'जात नाही मी.'
भट्टीजवळ बारा तास येरझाऱ्या,
नवऱ्याच्या हातांना डिझेलचा वास,
कोपऱ्यात माझी उघडी पेटी, सगळं मांडलेलं,
आणि मी
हात मांडीखाली घालून.

मुलगी झाली. आपली आपणच आली,
ओली, वैतागलेली, दोन्ही मुठी नाचवत.
दोन्ही.
मी दोनदा पाहिलं.

वार दिव्याखाली धरून तपासली. पूर्ण होती.
मग पहाटे कागद भरायला बसले.
जन्माचं ठिकाण: खाली छापील यादी, तीन शहरं.
आमचं गाव त्यात नव्हतंच.
मी समासात पेनाने लिहिलं.
अक्षर वाकडं आलं,
बोटांना अजून मुंग्या होत्या.